खुन्याचं नाव कुठे घालायचं?

सिनेमा सुरू होताना लोक काय करतात हे मी जितकं पाहिलं आहे, तितकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधतात. आधीच बसलेल्याला "अहो, ही आमची आहे" म्हणून उठवतात. रांगेतल्या सगळ्यांना पाय वर घ्यायला लावतात. बसल्यावर पार्किंगवाला काय बोलला ते शेजारच्याला सांगतात, तेही सविस्तर. नेमकी तीच दोन मिनिटं माझी असतात. पडद्यावर कलाकारांची आणि तंत्रज्ञांची जी नावं येतात-जातात, ज्यांना आमच्या धंद्यात टायटल्स म्हणतात, ती बनवणं हे माझं काम. एकतीस वर्षं मी पाठमोऱ्या आणि वाकलेल्या माणसांसाठी राबलो.

या अंकाच्या संपादकांनी "निवृत्त माणसाचे निवांत अनुभव" मागितले आहेत. निवृत्त मी झालो, निवांत होणं जमलेलं नाही. हा लेख लिहितानासुद्धा चार वेळा उठून गॅलरीत जाऊन आलो. त्याचं कारण पुढे येईल.

आधी धंदा समजावून सांगतो. माझे अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेट्यांवर अक्षरं रंगवायचे. पत्र्याचा साचा ठेवायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. ते म्हणायचे, अक्षर पळत्या माणसाला वाचता आलं पाहिजे, कारण त्या कारखान्यात पळायची वेळ आली तर थांबून वाचायला सवड नसते. त्यांच्या हाताखाली मी अक्षरं शिकलो, दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि मग एका ओळखीतून सिनेमाची नावं लिहायला लागलो. पुढे कॉम्प्युटर आला, तोही शिकलो. कर्वेनगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावरची खोली हा माझा स्टुडिओ.

सिनेमात आल्यावर कळलं की अब्बांचा नियम इथे उलटा चालतो. विनोदी सिनेमाची अक्षरं उड्या मारत आली तरी चालतात, कौटुंबिक सिनेमाची लग्नपत्रिकेसारखी असली की घरच्या बायका खूश. रहस्यपटाची अक्षरं मात्र वाचणाऱ्याला जरा अडली पाहिजेत. काहीतरी बिनसलंय आणि काय ते कळत नाहीये, इतकंच त्याला वाटायला हवं. मराठीत त्यासाठी एक सोय आहे जी इंग्रजीत नाही, ती म्हणजे शिरोरेखा. अक्षरांवरची ती आडवी रेघ काढून घेतली की ओळखीचं नावसुद्धा अनोळखी वाटायला लागतं. दोरी काढून घेतल्यावर कपडे तसेच हवेत राहिले तर कसं वाटेल, तसं. मग दीड सेकंदानं ती रेघ डावीकडून उजवीकडे सावकाश ओढायची. लोक नंतर म्हणतात की सुरी फिरल्यासारखं वाटलं. मी सुरी कधीच दाखवत नाही.

निर्मात्यांना मात्र सुरीच हवी असते. एक टाइल्सचे व्यापारी होते, पहिलाच सिनेमा काढलेले. मी केलेल्या टायटल्स पाहून म्हणाले, "शेखसाहेब, रक्त कुठंय?"

म्हटलं, "तुमच्या सिनेमात विष घालून मारलंय. रक्ताचा थेंब नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग विष हिरवं करून ओघळवा."

त्यांची समजूत घालायला तीन दिवस गेले. एवढं करून सिनेमा लागतो तेव्हा आधी तंबाखूची सूचना, मग आभार, त्यात दोन ग्रामपंचायती, एक मंगल कार्यालय आणि एक आइस्क्रीमवाले, मग निर्मात्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. एवढ्या लवाजम्यानंतर मला सांगतात, आता प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणा. तरी मी आणायचो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण मला सांगायचंय ते मृणालच्या सिनेमाबद्दल. मृणाल ही दिग्दर्शक, तिशीतली, तिचाही पहिलाच सिनेमा. कर्वेनगरातल्यासारख्याच एका सोसायटीत सेक्रेटरीचा खून होतो, चहातून विष देऊन. प्रत्येकाचं त्याच्याशी भांडण झालेलं असल्यामुळे संशय सगळ्यांवर. खुनी निघतात ते सगळ्यांचे लाडके, निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर. सिनेमा थिएटरांतून केव्हाच उतरलाय, आणि हे फोडायची परवानगी मी मृणालकडून घेतली आहे. "सर, आता कोण पाहणार आहे, फोडा," असं म्हणाली. पुण्याचीच आहे.

मास्तरांचं काम केलं होतं वसंतरावांनी. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर नाटकांत आणि सिनेमांत डॉक्टर, शेजारी, पोस्टमन, मुलीकडचा मामा असलीच कामं. मोठं काम हे पहिलंच, आणि त्यांनी ते असं केलं होतं की एडिटिंगच्या खोलीत पाहताना, खुनी माहीत असूनही, मला त्यांचा राग आला नव्हता.

टायटल्सचं काम चालू असताना एका दुपारी ते स्वतः जिना चढून माझ्या खोलीत आले. धायरीहून दोन बस बदलून आले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "शेखसाहेब, एक विनंती आहे. नाही म्हणालात तरी राग नाही."

"बोला ना."

"बेचाळीस वर्षं कामं करतोय. माझं नाव कायम चौघांत नाहीतर सहांत. नातवाला दाखवायचं तर पडद्याकडे बोट करून सांगावं लागतं, तो बघ, डावीकडून तिसरा. तोपर्यंत नाव जातं. एकदा एकटं येईल का?"

मी एका क्षणात हो म्हटलं. मृणालला विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला कुणाला विचारायची गरज वाटत नाही, हा आमच्या वयाचा दोष.

त्या टायटल्स मी फार मन लावून केल्या. स्वयंपाकघरातल्या साध्या वस्तू, पण इतक्या जवळून की ओळखू येऊ नयेत. साखरेत रुतलेला चमचा. गाळणीतून पडणारा चहा. गोळ्यांची ती सात वारांची प्लॅस्टिकची डबी. संगीतकाराला ढोल हवे होते, मी त्याला कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची फुसफुस घालायला लावली. शिट्टी होऊच द्यायची नाही. दोन मिनिटं प्रेक्षक शिट्टीची वाट बघत बसतो आणि त्याला स्वतःलाही कळत नाही की आपण कशामुळे अस्वस्थ आहोत. माझ्या सगळ्या कामातलं हे सगळ्यात चांगलं. वसंतरावांचं नाव एकटं, त्या गोळ्यांच्या डबीवर.

मग मृणालनं पंचवीस-तीस लोकांना बोलावून सिनेमा दाखवला आणि शेवटी चिठ्ठ्या भरून घेतल्या. एक प्रश्न होता, "खुनी कोण हे तुम्हाला केव्हा कळलं?" बऱ्याच जणांनी लिहिलं, शेवटी. सात जणांनी लिहिलं, नावं चालू असताना.

सात. मी त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तर खाली खुलासाही केला होता. "बाकी अनोळखी लोकांची नावं घाऊक आली. या एकाच गृहस्थांचं किरकोळीत आलं, तेही म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या डबीवर, आणि जरा जास्त वेळ राहिलं. म्हणजे हेच असणार. बाकी चित्रपट बरा आहे."

बाई बरोबर होत्या. मी नंतर मोजून पाहिलं. बाकीची एकटी नावं अडीच सेकंद होती, वसंतरावांचं तीन सेकंदांपेक्षा जास्त. हे मी ठरवून केलं नव्हतं. मला खुनी माहीत होता आणि हातानं ते सांगून टाकलं. आमच्या धंद्यात टायटल्स करणाऱ्याला सिनेमा आधीच पाहावा लागतो, आणि रहस्यपट करताना सगळ्यात अवघड काय असेल तर पाहिलेलं विसरणं. मी नवशिक्यांना हे कितीतरी वेळा सांगितलं आहे.

मृणालनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "सर, वसंतकाकांचं नाव बाकीच्यांत टाका. आजच."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"मला विचारून दिलात का?"

"नाही."

"मग तुमचा शब्द आहे. सिनेमा माझा आहे."

तिचं चुकीचं नव्हतं. पाच वर्षं ती या एकाच गोष्टीमागे धावत होती, आणि नावांतच खुनी कळला तर पुढच्या दोन तासांना काही अर्थ उरत नव्हता. पण धायरीला जाऊन त्या माणसाला "तुमचं नाव पुन्हा डावीकडून तिसरं" हे सांगायचं माझ्यानं होईना. दोन दिवस मी खोलीत फेऱ्या मारल्या. खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन विचारलं, फरशी बसवताय का.

तिसऱ्या दिवशी सुचलं. सुरुवातीला वसंतरावांचं नावच घालायचं नाही, कुठेच नाही. म्हणजे नावांवरून संशय घेणाऱ्यांना धागाच नाही. आणि सिनेमा संपला, खुनी कळला, की मग पडद्यावर ते एकटे. बाकीच्या नावांच्या आधी, संपूर्ण पडद्यावर.

मृणालला पटलं. "पण हे त्यांना तुम्ही सांगायचं," म्हणाली.

सिंहगड रस्त्यानं स्कूटरवरून जाताना वाक्यं जुळवत गेलो. वसंतराव त्यांच्या मुलीकडे राहतात, नीलाकडे. ते पेपर वाचत बसले होते. मी जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो आणि सरळ चिठ्ठ्यांचं सांगून टाकलं. ते हसले. त्या बँकेतल्या बाईंचं विशेष कौतुक वाटलं त्यांना.

मग म्हणाले, "म्हणजे सुरुवातीला मी नाहीच?"

"नाही."

"आणि शेवटी एकटा?"

"एकटे. दुसरं एक अक्षर नाही पडद्यावर."

"किती वेळ?"

"सहा सेकंद."

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि बोटांवर सावकाश सहा मोजले. "पुष्कळ झाले," म्हणाले. नीला आतून चहा घेऊन आली तेव्हा तिलाही त्यांनी सहा मोजून दाखवले.

परत येताना मी हलका होतो. लगेच कामाला बसलो. खरं म्हणजे वसंतरावांचं नाव लिहून सरळ टाकायला हवं होतं. पण मी कसला सरळ. शेवटचा प्रसंग संपतो, मास्तर पोलिसांच्या गाडीत बसतात, मग मी पडदा पूर्ण काळा केला. आवाज बंद. चार सेकंद काहीच नाही. आणि मग त्या काळोखातून त्यांचं नाव, आधी शिरोरेखेशिवाय, मग रेघ.

मृणालनं विचारलं, "सर, चार सेकंद जास्त नाही होत?"

"अंधार झाला की माणूस थांबतो," मी म्हटलं. "पुढे काय म्हणून बघतो."

कशाच्या जोरावर मी हे बोललो कोण जाणे. सुरुवातीला माणूस थांबतो, हे खरं आहे, कारण त्याला दोन तास तिथेच बसायचं असतं. शेवटाचं मला काय माहीत होतं? आज कबूल करायला हरकत नाही, मी केलेल्या सिनेमांचे पहिले खेळ मी कधी पूर्ण पाहिलेच नाहीत. मागे उभं राहायचं, टायटल्स पाहायच्या, लोकांकडे पाहायचं आणि दहाव्या मिनिटाला बाहेर येऊन चहा प्यायचा. बसवतच नसे. एकतीस वर्षांत थिएटरमध्ये सिनेमा कसा संपतो हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बाराचा खेळ. एक पडद्याचं जुनं थिएटर. वसंतराव इस्त्रीचा झब्बा घालून आले होते, बरोबर नीला आणि नातू. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो. टायटल्स सुरू झाल्या आणि कुकर फुसफुसायला लागला तशी पॉपकॉर्नच्या पिशव्यांची कुरकुर थांबली. माझ्या शेजारची बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "गॅस बंद केला होता ना आपण?" इतकं मोठं बक्षीस मला कधी मिळालेलं नाही. नावं येत होती, जात होती. वसंतरावांचं नव्हतं, आणि त्यांची मान जराही हलली नाही. त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी मी उठलो नाही. दोन तास पाय हलवत का होईना, बसलो. खुनी कळला तेव्हा थिएटरभर "अरेच्चा" झालं. मृणाल पलीकडे भिंतीला टेकून उभी होती, तिनं चेहऱ्यावर दोन्ही हात ठेवले. पोलिसांची गाडी गेली. पडदा काळा झाला.

एक सेकंद. दुसऱ्या सेकंदाला लोक उठले. सगळेच. पुण्याचा प्रेक्षक अंधारात थांबत नाही, तो गाडी काढायला जातो. वसंतरावांच्या पुढची आख्खी रांग उभी राहिली. ते बसलेले, मूळचेच बुटके, त्यांना समोर पाठीच पाठी. मी मोजत होतो. तीन. आणि थिएटरातले सगळे दिवे लागले. बाजूची दारं धाडकन उघडली, बाहेरचं ऊन आत आलं.

मी मान वर करून, माणसांच्या डोक्यांवरून पडद्याकडे पाहत राहिलो. पडदा पांढरा होता. वर खोलीतल्या ऑपरेटरनं मशीनच बंद केलं होतं.

नीला खाली वाकून त्यांची काठी शोधत होती. वसंतराव मागे वळले. चेहरा लहान मुलासारखा उत्सुक झाला होता.

"येऊन गेलं का हो? या उभ्या राहिलेल्यांत मला काही दिसलं नाही."

मी म्हटलं, "हो. येऊन गेलं."

"छान होतं?"

"छान होतं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही पाहिलंत ना, मग झालं," म्हणाले.

मी जिन्यानं वर धावलो. ऑपरेटर डबा उघडून जेवायला बसला होता. म्हणाला, "काका, पडदा काळा झाला. संपला ना पिक्चर? पुढचा शो सव्वातीनला आहे, मधे झाडलोट नको का?" त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. चार सेकंदांचा काळोख म्हणजे त्याच्या लेखी संपलेला सिनेमा. बाहेर येऊन मृणालला ऑपरेटरचं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "काकांना कळलं?" मी नाही म्हटलं. खोटं बोललो ते तिलाही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी काळोख काढून टाकला. गाडी जाते आणि लगेच नाव. सगळ्या थिएटरांना नवी प्रत पोचायला सोमवार उजाडला. सोमवारपासून वसंतरावांचं नाव सगळीकडे आलं, एकटं, सहा सेकंद. मी रोज एका थिएटरात जाऊन शेवटची दहा मिनिटं उभा राहायचो. उठता उठता लोक थबकायचे. एकदा तर टाळ्या पडल्या. एवढ्या लोकांनी ते नाव पाहिलं. ज्याचं होतं त्यानं नाही.

आणि आता त्यांना बोलवायचं कसं? "या, तुमचं नाव बघायला" म्हणायचं तर आधी ते आलं नव्हतं हे सांगायला हवं. मी तर छान होतं म्हणून बसलो होतो. आठवड्यानं नीलाचा फोन आला. "बाबा येईल-जाईल त्याला सांगतायत, शेखसाहेबांनी स्वतः पाहिलं, छान होतं म्हणाले." पुढे दोन आठवड्यांनी सिनेमा उतरला. आता तो मोबाइलवर दिसतो म्हणतात. पण तिथे शेवट आला की चित्र कोपऱ्यात चिमुकलं होतं आणि पुढचा सिनेमा सुरू होतो.

तीन वेळा मी स्कूटर काढून धायरीकडे निघालो. तीनही वेळा सिंहगड रस्त्यावरच्या उड्डाणपुलापासून परत फिरलो. कधी वाटलं, त्यांचं समाधान झालंय, कशाला घालवा. हे मी स्वतःला पटवून द्यायचा खूप प्रयत्न केला. पण ते समाधान माझ्या एका शब्दावर उभं आहे, आणि तो शब्द खोटा आहे. त्यांनी बेचाळीस वर्षं वाट पाहिली आणि शेवटी माझ्या सांगण्यावर समाधान मानलं. त्यांना फसवल्याची मला लाज वाटते. म्हणूनच हातपाय स्वस्थ राहत नाहीत.

वसंतराव दरवर्षी हा अंक घेतात, भिंग लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला नीलानं सांगितलं आहे. म्हणून संपादकांना हो म्हटलं.

वसंतराव, त्या दिवशी तुमचं नाव आलं नव्हतं. मी खोटं बोललो. हा अंक तुमच्या हातात पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येतो आहे. चहा दिला नाहीत तरी चालेल, दार मात्र उघडा.